ते ‘बरं’ म्हणाले

आमच्या चिरंजिवांना दुसऱ्यांच्या घरातली अडगळ लांबून दिसते. तेच त्याचं काम आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांत जातो, चार दिवस हिंडतो आणि कुठली कपाटं, कुठली टेबलं आणि कुठली माणसं तिथे उगाच आहेत ते सांगून येतो. त्याचा त्याला पगार मिळतो. स्वतःच्या घरी त्याचे दोन-तीन चष्मे आहेत आणि वेळेवर एकही सापडत नाही, पण तो विषय काढायचा नसतो.

दर रविवारी तो बायकोला घेऊन आमच्याकडे येतो. म्हणजे आमची तब्येत बघायला. सोफ्यावर बसतो, पाय लांब करतो आणि नजर फिरवतो. त्या नजरेत आधी माझं शिवणयंत्र आलं, मग गॅलरीतल्या कुंड्या आल्या आणि मग टीव्हीखालचा केबलचा डबा. काळा, जाडजूड, पुढच्या बाजूला लाल आकडे दाखवणारा. "आई, हे अजून आहे?" त्याने विचारलं. आवाज असा, की घरात झुरळ निघालं असावं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे आयुष्यभर बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेच्या खोलीत बसायचं आणि भोंग्यातून बोलायचं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठलीला उशीर आहे, कुठली रद्द. आवाज असा की बाकावर झोपलेला प्रवासी सामान चाचपत उठायचा. आणि ते बोलणं घरी आल्यावरही थांबायचं नाही. ताट वाढलं की "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" म्हणून सुरुवात, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. स्थानकावर तसा नियमच होता. घोषणा दोनदा करायची, कारण पहिल्या वेळी कुणी ऐकत नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं मला वाटायचं, ह्या माणसाला एक बंद करायचं बटण असायला हवं होतं.

मग मेंदूत गुठळी झाली आणि ते सगळं एका दुपारी बंद पडलं. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटत यायला लागला आणि तोंडात एकच शब्द उरला. ‘बरं’. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, चिरंजीव समोरच उभे होते. ह्यांना सगळं कळतं, पहिल्याइतकंच कळतं, पण शब्द सापडत नाहीत. जो एक हाताला लागतो तोच बाहेर पडतो. भूक लागली, बरं. पाठ दुखतेय, बरं. पंखा बंद कर, बरं. ऊठ इथून, बरं. मानेचाही भरवसा राहिला नाही, ती कधी होकाराला आडवी हलते तर कधी नकाराला उभी. एवढ्या बडबड्या माणसाच्या हजारो शब्दांतून नेमका हाच मागे राहावा, ह्याला काय म्हणायचं? त्याऐवजी ‘नको’ राहिला असता तर पुढचा सगळा तमाशा टळला असता.

दवाखान्यातून घरी आल्यावर हे दिवसभर टीव्हीपुढे बसून डाव्या हाताने रिमोट दाबत राहायचे. मला आधी वाटलं, करमत नाहीये. एकशे अठरा लावायचे. बघावं तर कुणी बाई कांदा चिरतेय. मी बदलायचे, हे पुन्हा तेच लावायचे आणि माझ्याकडे रोखून बघत "बरं, बरं" म्हणायचे, चांगलं चिडून. असं बराच वेळ चाललं तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ह्यांना भूक लागली होती. ह्या माणसाने जन्मभर आकडेच सांगितले होते. शब्द गेले, पण फलाट जागच्या जागी होते. मी उठून ताट वाढलं आणि हे गुमान जेवले.

मग आमचं जमत गेलं. हवामानाचं चॅनल लावलं की खिडकी. तीनशे सहावर प्राण्यांचे कार्यक्रम असायचे आणि तिथे कायम कुठला तरी हत्ती पाण्यात बसलेला असायचा, म्हणून तीनशे सहा म्हणजे न्हाणीघर. कुस्ती लागली की कुठेतरी दुखतंय, कुठे ते मी हात फिरवत शोधायचे. सातशे एकवर सूट घातलेला एक माणूस ओरडून ओरडून सुऱ्या आणि तवे विकायचा. कुणी मागितलेले नसताना, वर आणखी एक सुरी फुकट. हे चॅनल रविवारी सकाळी लागायचं. मला काही उलगडा होईना. मग एकदा ते लागलेलं असतानाच बेल वाजली, चिरंजीव आत आले आणि मला हसू लपवायला स्वयंपाकघरात पळावं लागलं.

हो म्हणायचं असलं तर नुसतं एक. एक नंबर फलाट, गाडी लागली आहे, चढा. आणि नको म्हणायचं तर नऊ-नऊ-नऊ. त्या नंबरावर काहीच नव्हतं, निळा पडदा यायचा. आंघोळीचं पाणी काढलं की नऊ-नऊ-नऊ. शेजारचे काका गप्पा मारायला येऊ का विचारत होते म्हटलं की नऊ-नऊ-नऊ. म्हणजे ती गाडी रद्द.

हे सगळं मी चिरंजिवांना सांगितलं. ह्यांच्यासारखंच दोनदा सांगितलं. तो हसला, आणि मायेने हसला, ते जास्त झोंबलं. म्हणाला, माणूस दिवसभर एकटा राहिला की त्याला असे अर्थ दिसायला लागतात. सुनेने त्याला डोळ्यांनी दटावलं आणि पुढच्या खेपेला ती चित्रांचा एक तक्ता घेऊन आली. ताट, पेला, पलंग, संडास आणि एक रडका चेहरा. जे हवं त्यावर बोट ठेवायचं म्हणे. ज्याच्या आवाजावर सगळं स्थानक हलायचं त्याने संडासाच्या चित्रावर बोट ठेवायचं, तेही सुनेसमोर. ह्यांनी तो तक्ता सोफ्याच्या मागे सरकवला आणि तीनशे सहा लावलं. सुनेला वाटलं, सासऱ्यांना हत्ती आवडतात. नंतर हत्तींचं एक मोठं रंगीत पुस्तक घेऊन आली. मनाने वाईट नाही ती.

त्या रविवारी मात्र चिरंजीव भलामोठा खोका घेऊन आले. भिंत व्यापेल एवढा टीव्ही आणि साबणाच्या वडीएवढा रिमोट. त्यावर आकडे नव्हते. एकही नाही. एक गोल, एक घराचं चित्र आणि एक माईक. आकडे कुठे गेले, मी विचारलं. त्याने सांगितलं, आता चॅनल नाहीत, वेळापत्रक नाही, जे हवं ते हवं तेव्हा बघायचं. वेळापत्रक नाही, हे तो कुणासमोर बोलत होता ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, ह्यांना ते जुनं डबडंच हवंय. तो म्हणाला, आपण बाबांनाच विचारू. कचेऱ्यांत माणसांना घरी पाठवण्याआधीही तो असाच त्यांना विचारत असणार.

ह्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला. "बाबा, ती जुनी केबल काढून टाकू ना? हे एकदम सोपं आहे. नुसतं बोलायचं."

"बरं," हे म्हणाले.

डोळे एवढे मोठे झाले होते, डाव्या मुठीत जुना रिमोट आवळून धरला होता. पण तोंडातून आलं काय, तर बरं.

"बघ," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "ते बरं म्हणाले."

ज्याचं बोलणं गेलंय त्याला बोलून चालवायचं यंत्र. ही अक्कल विकत घ्यायला लोक ह्याला गाडी पाठवून बोलावतात. मी तोंड उघडलं होतं, पण तोवर तो भिंतीला भोकं पाडायला लागला होता आणि त्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येईना. सगळं टांगून झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला, कोण बघतंय? खाली गोलात चेहरे. त्याच्या स्वतःच्या नावापुढे रुबाबदार चष्मेवाला. ह्यांच्यासाठी त्याने अस्वलाचं पिल्लू निवडलं होतं, कारण लहान मुलांच्या भागात सगळं सोपं असतं म्हणे.

मग प्रात्यक्षिक झालं. ह्यांच्या तोंडापुढे साबणाची वडी धरली. हे म्हणाले, बरं. यंत्रातल्या बाईने एक क्षण थांबायला सांगितलं आणि पडद्यावर रांग लागली. गुडघा घरच्या घरी बरा करा. मन बरं ठेवण्याचे उपाय. आजी-आजोबांना बरं वाटेल असं संगीत. चिरंजीव हरखले. म्हणाले, किती हुशार आहे बघ, बाबांच्या तब्येतीचं बरोबर ओळखलं. मी कपाळावर हात मारून घेतला. पुढे पुढे ती बाई माझ्या डोक्यात इतकी गेली की विचारू नका. घरात कुणी जरा आवाज चढवून बोललं की भिंतीवरून न विचारता उत्तर, "माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

जाताना त्याने केबलची वायर बाहेरच्या बाहेर कापली, डबा पिशवीत भरून चपलांच्या कपाटात ठेवला आणि न्यायला माणूस येईल म्हणून सांगितलं. कुणी आलं नाही. जुन्या रिमोटमधले सेल काढून मात्र त्याने नव्यात घातले होते. तेवढी काटकसर त्याला जमते.

त्यानंतर हे त्या वडीकडे बघत बसायचे. भिंतीवर आपोआप डोंगर यायचे, समुद्र यायचा, फुलं यायची. मी अंदाजाने घर चालवत होते. भूक लागली असेल म्हणून ताट आणावं तर खिडकी उघडायला हवी असायची, खिडकी उघडावी तर कंबर भरून आलेली असायची. सुरुवातीला हे बरं, बरं करून ओरडायचे, हळूहळू तेही सोडलं. एकदा मी भाजी आणायला खाली गेले आणि परत आले तर हे न्हाणीघराच्या वाटेवर पडलेले. कपडे ओले, कपाळाला खोक, आणि डोळ्यांतून पाणी. एकट्याने उठायचं नाही हे ह्यांना पक्कं माहीत होतं. मी निघायच्या आधीच सांगायचा प्रयत्न केला असणार, पण सांगणार कशाने? मी त्यांना उचलताना त्या भिंतीकडे बघून असे शब्द वापरले की इथे लिहिता यायचे नाहीत. भिंतीने मला ते पुन्हा सांगायला सांगितले.

रविवारी चिरंजिवांनी कपाळाची पट्टी बघितली आणि मला समोर बसवलं. माझ्याने आता होत नाही, असं त्यांच्या पाहणीत आढळलं होतं. सून हळूच म्हणाली, बाबा आता किती शांत झालेत, आधी सारखी चुळबुळ असायची, सारखी चॅनल बदलायचे. शांत. माणसाचं तोंड दाबून धरायचं आणि वर म्हणायचं, किती शांत आहे.

मग फोनवर फोटो दाखवून झाले. आजारी म्हाताऱ्यांसाठी एक निवासकेंद्र होतं. उजेडाच्या खोल्या, गुळगुळीत फरशी आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर हाच टीव्ही. पुढच्या रविवारी तिथली व्यवस्थापक बाई घरी येऊन ह्यांना भेटणार होती. त्यांचा नियम आहे, कुणालाही मर्जीविरुद्ध नेत नाहीत. माणूस स्वतः हो म्हणाला तरच जागा पक्की होते.

"म्हणजे सगळं बाबांच्याच इच्छेने," चिरंजीव म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "जायचं ना तिथे, बाबा?"

"बरं," हे म्हणाले.

पुढच्या रविवारी ती बाई विचारणार, हे बरं म्हणणार, आणि माझ्या नवऱ्याला घेऊन जाणार. सगळं नियमाप्रमाणे.

राग आला की मी साफसफाई काढते. त्या आठवड्यात चपलांचं कपाट काढलं आणि तो डबा हाताला लागला. फेकायला घेऊन निघाले तर हॉलमधून ह्यांनी पाहिलं. डावा हात पुढे आला. बरं, बरं, बरं. मी म्हटलं, अहो, त्याची वायर कापलीये, त्यात काही दिसायचं नाही. ह्यांचं आपलं चालूच, लहान मुलासारखा हट्ट. एकदाचं दाखवूनच द्यावं म्हणून मी डबा टीपॉयवर ठेवला आणि नुसता विजेला जोडला. टीव्हीला नाही, कशालाच नाही. साबणाच्या वडीतले सेल उपसून जुन्या रिमोटमध्ये घातले. ते काम मी फार आनंदाने केलं.

ह्यांनी अंगठ्याने बटणं दाबली. डब्याच्या पोटावर लाल आकडे उमटले. एकशे अठरा.

मी बघतच राहिले. टीव्हीची गरजच नव्हती. ती कांदा चिरणारी बाई नको होती, तो पाण्यातला हत्ती नको होता. मी इतके दिवस चित्रं बघत होते आणि हे आकडे सांगत होते. दुसऱ्यांच्या अकलेवर एवढं तोंडसुख घेतलं, तर माझ्या वाटचंही सांगून टाकते.

ताट वाढताना मी रडत होते आणि हे थांबायला तयार नव्हते. खिडकी. पाठ. पुन्हा खिडकी, जरा कमी. साठलेलं सगळं बाहेर येत होतं, जसं पूर्वी कामावरून आले की यायचं, आणि ह्या वेळी मला बंद करायचं बटण नको होतं. जेवण झाल्यावर ह्यांनी सातशे एक दाबलं आणि भुवई उंचावून दाराकडे बघितलं. मी म्हटलं, नाही हो, आज रविवार नाही. तोंडाच्या डाव्या कोपऱ्याने हसले.

एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. तिकडे जायचंय का. डबा समोर होता, एक दाबलं तर हो, तीन वेळा नऊ दाबलं तर नको, एवढं सोपं होतं. पण माझी हिंमत झाली नाही. दुखऱ्या कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकलेली मी ह्यांना रोज दिसते. माझी कीव येऊन हे एक दाबतील, अशी मला भीती वाटत होती. मुलाशी मी भांडले असते, त्या व्यवस्थापक बाईशी भांडले असते. ह्यांच्या त्या ‘एक’शी कशी भांडणार होते? पूर्ण आठवडा मी तो प्रश्न गिळून काढला.

रविवारी सगळे आले. चिरंजिवांची नजर आधी टीपॉयवर गेली. "आई, हे अजून आहे?" केंद्राची चित्रफीत दाखवायची म्हणून त्यांनी साबणाची वडी उचलली तर ती मेलेली. सेल संपले, मी सांगितलं. मग त्यांनी फोनवरून टीव्ही लावला आणि भिंतभर तिथल्या बागेतले बाक, तिथल्या हसऱ्या म्हाताऱ्या आल्या. व्यवस्थापक बाई आवाजाने गोड होती. प्रत्येक वाक्यात दोनदा आजोबा म्हणत होती. तिने ह्यांचा हात हातात घेतला, आणि खरं सांगायचं तर विचारलंही नीट, घाई न करता.

"आजोबा, तुम्हाला यायचंय का आमच्याकडे राहायला?"

"बरं," हे म्हणाले.

बाई प्रसन्न झाली. चिरंजिवांनी सुटकेचा श्वास टाकला. ते हात चोळत काहीतरी सुरू करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. त्यांचं बोलून झालेलं नाही."

जुना रिमोट मी ह्यांच्या डाव्या हातात दिला. चिरंजीव मला गप्प करायला उठले होते, सुनेने त्यांची बाही धरून खाली बसवलं. ह्यांचा अंगठा वर गेला आणि एकच्या बटणावर येऊन थांबला. तिथेच राहिला. हे माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या कमरेकडे. मला ओरडायचं होतं की ती दुखत नाही, अजिबात दुखत नाही. मी नुसती ताठ उभी राहिले.

अंगठा घसरत खाली आला. डब्यावर लाल आकडे उमटले. नऊ. नऊ. नऊ.

हे काय आहे, बाईने विचारलं. चिरंजीव म्हणाले, काही नाही, बंद पडलेला डबा आहे. मग मी घसा साफ केला. तो आवाज मला जन्मात जमायचा नाही, पण जमेल तेवढा काढला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. निवासकेंद्राकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे."

बाईने ह्यांचा हात हळूच सोडला आणि पर्स मांडीवर घेतली. सून डब्याकडे बघत होती, मग तिची नजर सोफ्यामागे गेली, जिथे तिचा तक्ता अजून पडला होता. "म्हणजे ते हत्ती," ती पुटपुटली आणि लालेलाल झाली.

चिरंजीव उभे राहिले. आवाज चढला होता. "पण आई, ते बरं म्हणाले. आत्ता, सगळ्यांसमोर. तू ऐकलंस ना?"

भिंतीवरची बाई जागी झाली. "माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

हे वैतागले नाहीत. पहिल्या वेळी न ऐकणाऱ्यांसाठीच ह्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती. खुर्चीत जरा सावरून बसले, मुलाकडे बघितलं, आणि सावकाश, एकेक करून, पुन्हा नऊ, नऊ, नऊ दाबलं.